प्राणिसंग्रहालयातला सर्वांत म्हातारा अ‍ॅलिगेटर कोणता?

सर्बियातल्या बेलग्रेडचा मुया. हा अमेरिकन अ‍ॅलिगेटर 1937 साली जर्मनीहून आला, आणि तोही पिल्लू म्हणून नव्हे. म्हणजे वय नव्वदीच्या आसपास धरा. त्याने शहरावर आधी 1941 मध्ये जर्मनांचे बॉम्ब पडताना अनुभवले, मग 1944 मध्ये दोस्तराष्ट्रांचे! बाकीचे बरेच प्राणी गेले. हा पठ्ठ्या तगला. 2012 मध्ये गँगरीनमुळे उजवा पुढचा पंजा कापावा लागला, त्यातूनही उठला.

बघायला जाल तर हिरमोड होईल हं. तासन्तास ओंडक्यासारखा पडून असतो. पण ही मंडळी थंड रक्ताची, ऊर्जा कमी लागते, खाणंही कमी. शिवाय पिंजऱ्यात शत्रू नाही, उपासमार नाही. म्हणून तर इतकी जगतात. मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयातला सॅटर्न नावाचा अ‍ॅलिगेटरही असाच, तो 2020 मध्ये साधारण 84 व्या वर्षी गेला.