टायगर रणगाड्याचं आतलं काम: आधी जोडायचं की आधी रंगवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर-१ रणगाड्याचं १/३५ मापाचं प्लास्टिक किट घेतलंय, इंजिनापासून रेडिओपर्यंत आतलं सगळं असलेलं. सूचनापत्रकाच्या क्रमाने जोडत गेलं तर आत रंग कधी द्यायचा? आणि रत्नागिरीत पावसाळ्यात लॅकर (झटकन उडणाऱ्या थिनरचा रंग) मारला की त्यावर पांढुरकी झाक का येते?

पहिल्याचं उत्तर: गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जोडायचं, गठ्ठा गठ्ठा रंगवायचा, मग हलमध्ये (रणगाड्याच्या धडात) बसवायचा. पण निपर (भाग कापायची पक्कड) हातात घेण्याआधी तयार मॉडेलमध्ये काय उघडं राहणार ते ठरवा. पत्रक ते सांगत नाही, आणि बाकीचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात.

हे मॉडेल तोफेची नळी सोडून साधारण १८ सेंटीमीटर लांब होतं. टरेटवरचं (तोफेच्या फिरत्या बुरुजावरचं) झाकण उघडं ठेवलं तर दीड सेंटीमीटरपेक्षा लहान भोक मिळतं. त्यातून दिसतं काय, तर ब्रीचचा (तोफेत गोळा भरतात त्या भागाचा) मागचा भाग, एखादं आसन आणि टरेटच्या भिंतीचा तुकडा. गिअरबॉक्स, पेडल, रेडिओ यांतलं काहीच नाही. मागचं मधलं झाकण उघडलं तर इंजिनाचा माथा आणि एअर क्लीनर दिसतात, तेलाची टाकी कुणाला दिसत नाही. म्हणून नुसती झाकणं उघडी ठेवणार असाल तर निम्मे भाग एका रंगात मारून मोकळे व्हा, त्यांच्यावर रात्री जागवू नका.

दुसरा पर्याय म्हणजे हलचं छप्पर आणि टरेट चिकटवायचंच नाही, उचलता येईल असं ठेवायचं. एवढं काम करणार असाल तर माझं मत याच बाजूने. छपराच्या कोपऱ्यांत ३ मिमी व्यासाचे, १ मिमी जाडीचे निओडायमियम चुंबक बसवा. बसवण्याआधी एकाच बाजूला मार्करने ठिपका द्या, नाहीतर एक जोडी हमखास उलटी बसते आणि छप्पर धरण्याऐवजी ढकलते. त्यांचा निकेलचा मुलामा सुटला की खाऱ्या हवेत आतलं लोखंड फुगतं, म्हणून वरून रंगाचा एक थर हवाच.

तिसरा, बाजू कापून दाखवायचा प्रकार दिसायला झकास असतो, पण त्यात एक खोच आहे. टायगरची वरची बाजू ८० मिमी जाड, म्हणजे १/३५ मध्ये २.३ मिमी, चाकांमागची खालची बाजू ६० मिमी, म्हणजे १.७ मिमी. किटचं प्लास्टिक बहुतेक ठिकाणी याहून पातळ असतं. नुसतं कापलं तर रणगाडा पत्र्याचा वाटतो. कापलेल्या कडेला आतून प्लास्टिक शीटची पट्टी लावून जाडी भरून काढावी लागते. पहिल्याच इंटिरिअरला हे करू नये असं मला वाटतं.

ठरलं की ड्राय फिट, म्हणजे न चिकटवता जोडून बघणं. खालचं हल, वरचं हल, मागची प्लेट, इंजिनाआधीची आडवी भिंत म्हणजे फायरवॉल, आणि छप्पर नुसत्या मास्किंग टेपने एकत्र धरा. नव्वद टक्के भांडण फायरवॉल लावते. ती अर्धा मिलिमीटर वर किंवा पुढे राहिली की छप्पर एका कोपऱ्यात उचललं जातं, आणि हे रंगवल्यानंतर कळलं तर घासायला जागा उरत नाही. रंगाचीही जाडी असते. प्रायमर, रंग, ग्लॉस, मॅट असे चार थर दोन्ही पृष्ठभागांवर आले तर सांध्यात ०.१ ते ०.२ मिमी सहज भरतात. शिवाय प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, रंगावर ते धरत नाही. म्हणून जिथे भाग एकमेकांना टेकणार तिथे १ मिमी रुंद टेपची पट्टी लावूनच रंग मारा. राहून गेलं तर ब्लेड आडवं धरून खरवडा.

सर्वांत आधी टॉर्शन बार (चाकांना उसळी देणाऱ्या, पीळ घेणाऱ्या सळ्या) पक्के करा. टायगरला दर बाजूला आठ ॲक्सल, म्हणजे सोळा बार आडवे जातात, आणि त्यांच्यावर तळपट्टी बसते. एका बाजूच्या आर्म (चाक धरणाऱ्या दांड्या) पुढे झुकलेल्या, दुसऱ्या बाजूच्या मागे. डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी नाही, तेव्हा अंदाजाने लावू नका, भाग क्रमांक बघा. सस्पेन्शन हलतं ठेवण्याचा मोह असतो. मी तो टाळायला सांगेन. हल काचेवर ठेवून खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या सरकवा, सगळ्या आर्म एका पातळीत आल्या की सिमेंट लावा आणि रात्रभर हात लावू नका. चाकं एकमेकांत गुंतलेली असल्याने एक आर्म चुकली की अख्खी रांग वाकडी दिसते, आणि तळपट्टी बसल्यावर दुरुस्ती नाही.

मग गठ्ठे: तळपट्टी, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची जागा, रेडिओ आणि शेजारचं मशीनगनवाल्याचं आसन, बाजूंचे दारूगोळ्याचे कप्पे, इंजिन, रेडिएटर, पंखे आणि इंधन टाक्या, टरेटची बास्केट (टरेटसोबत फिरणारा तळ), तोफ आणि ब्रीच. प्रत्येक गठ्ठा टूथपिकवर किंवा क्लिपवर धरून वेगळा रंगवायचा.

रंगाचा क्रम कारखान्यातलाच ठेवा. सगळ्याला आधी तांबूस प्रायमर, मग वरच्या भागाला हस्तिदंती. तळ आणि इंजिनाचा कप्पा प्रायमरच्याच रंगात राहतो. हा प्रायमर म्हणजे आपल्या खिडकीच्या ग्रिलला मारतात त्या रेड ऑक्साइडच्या जवळचा रंग, फक्त डोळ्यांनी ओळखायला. हार्डवेअरच्या दुकानातला डबा मात्र मॉडेलवर आणू नका, त्याचा थर बारीक रिव्हेट गिळतो. तामिया कंपनीचा एक्सएफ-९ चालतो. हस्तिदंतीसाठी एक्सएफ-२ चे आठ भाग आणि एक्सएफ-५७ चा एक भाग घ्या. एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय. हस्तिदंती एका हातात झाकायला जाऊ नका, तीन पातळ हात द्या, नाहीतर कोपऱ्यांत साय धरते.

इंजिन रंगवण्याआधी तुमचं किट नेमकं कुठल्या काळातलं ते बघा. पहिल्या २५० टायगरमध्ये मायबाखचं एचएल २१० होतं, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं. पुढे ७०० अश्वशक्तीचं एचएल २३० आलं, बिडाच्या ब्लॉकचं. लोखंडी ब्लॉक चांदीसारखा चकचकीत केला की जाणकाराला लगेच खुपतं.

गोळे एकूण ९२. बंद कप्प्यांतले रंगवू नका. जे दिसतात त्यांत चिलखतभेदी काळे, टोकाला पांढरे, स्फोटक पिवळसर. काडतुसाला पितळी रंग देताना खाली ग्लॉस काळा असेल तर धातू धातूसारखा दिसतो.

वायरींसाठी फ्यूज वायर किंवा जुन्या चार्जरच्या केबलमधली तांब्याची तार घ्या. हिशेब सोपा आहे: खऱ्या १० मिमी केबलला ०.३ मिमी तार. किनाऱ्यावर प्रत्येक दुकानात टंगूस मिळतो म्हणून तो वापरावासा वाटतो, पण नायलॉन वळण धरत नाही आणि सिमेंटने चिकटतही नाही. तांबं बोटाने वळवलं तसं राहतं.

मळवण्याबाबत एक इशारा. आपल्या डोळ्यांना गंजाची सवय आहे. स्कूटरपासून गेटपर्यंत सगळं खारा वारा खातो. त्यामुळे हात आपोआप गंजाच्या ओघळांकडे जातो. टायगरच्या आत ते नसतात. तो आतून झाकलेला आणि रोज वापरातला, फार वर्षं जगलेलाही नव्हे. घासलेला रंग फक्त बूट आणि हात लागतात तिथे हवा: पेडल, बास्केटचा तळ, आसनांचे पाय, झाकणाची कड. स्पंजचा तुकडा प्रायमरच्या रंगात बुडवून, कागदावर टिपून, हलकेच टेकवा. तळाच्या उंचवट्यांवर ४बी पेन्सिलीची भुकटी बोटाने चोळा. रंगाखाली हेअरस्प्रे मारून वरचा रंग सोलायची पद्धत पावसाळ्यात सोडाच, तो थर दमट हवेत चिकट राहतो आणि वरचा रंग नको तिथे सुटतो.

संदर्भासाठी इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयातल्या टायगर १३१ चे आतले फोटो शोधा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला हा रणगाडा आजही चालतो. त्याची जडणघडण बघा, आजच्या रंगाची छटा प्रमाण मानू नका. खरं पोलाद, वेल्डिंगची रेघ आणि झाकणाची जाडी हाताच्या अंतरावर बघायची असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. टायगर तिथे नाही, तरी एक चक्कर वाया जात नाही.

आता पांढऱ्या झाकेचं. लॅकरमधला थिनर झटकन उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो, म्हणजे पृष्ठभाग जेमतेम दोन अंश उतरला की ओल्या रंगावर पाणी धरतं आणि ते थरात अडकून पांढरं दिसतं. तीच हवा ६० टक्क्यांवर असेल तर साडेआठ अंशांची सूट मिळते. म्हणून उपाय रंगाच्या ब्रँडमध्ये नाही, हवेत आहे. स्वस्त आर्द्रतामापक घ्या आणि ६५ च्या वर काटा असेल तर लॅकर बाहेर काढू नका. थांबणं शक्यच नसेल तर थिनरमध्ये दहा टक्के रिटार्डर घाला, म्हणजे तो सावकाश उडतो, आणि हात पातळ द्या. स्प्रे कॅन या दिवसांत बंद. त्यातला वायू पृष्ठभाग आणखी थंड करतो. आलेली झाक घासू नका. कोरड्या दिवशी थिनर आणि रिटार्डरचा नुसता धुरळा मारला की थर थोडा विरघळतो, पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा रंग परत येतो.

एसीच्या खोलीत ड्राय मोड लावून हवा कोरडी होते, पण दारं बंद करून तिथे लॅकर मारणं म्हणजे वाफा कोंडून घेणं. बाहेर वाफ टाकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क हवाच. देवघरातली समई किंवा शेजारचा गॅस पेटता असताना तर बाटली उघडूच नका. याच्या उलटा फसवा प्रकारही आहे: एसीत थंड झालेलं हल थेट पडवीत आणलं की त्यावर दव धरतं आणि त्यावरच रंग बसतो. आणण्याआधी ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बाहेर अर्धा तास ठेवा.

कंप्रेसरची टाकी रोज काम झाल्यावर खालून उघडून पाणी काढा, आणि एअरब्रशजवळ वॉटर ट्रॅप लावा. फवाऱ्यात मध्येच थेंब थुंकला जातो तो बहुधा रंगाचा नसतो, नळीतल्या पाण्याचा असतो. पाण्यावरच्या ॲक्रिलिकला झाक येत नाही, पण ते आतून सुकायला वेळ घेतं. जुलैत त्यावर इनॅमल वॉश (मळ दाखवणारा पातळ रंग) लावण्याआधी पूर्ण दोन दिवस जाऊ द्या.

सुपरग्लू दमट हवेत लवकर धरतो आणि त्याची वाफ शेजारी पांढरी बुरशीसारखी बसते. पेरिस्कोप आणि बाकीचे पारदर्शक भाग त्याने चिकटवलेत तर काच आंधळी झालीच समजा. तिथे फेविकॉलचा थेंब पुरतो. फोटोएचचं (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचं) पितळ बोटांच्या घामाने आणि खाऱ्या हवेने डागाळतं, म्हणून कापलं, साबणाने धुतलं की त्याच दिवशी प्रायमर. डिकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा) कागद झिप पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर तो वरच्या आवरणाला चिकटून वाया जातो.

छप्पर ठेवण्याआधी तीन तपासण्या करा. तोफ वरखाली करून ब्रीच छपराला किंवा आसनाला अडतो का. टरेट पूर्ण फिरवून बास्केट कप्प्यांच्या कडांना घासते का. घासत असेल तर बहुतेक वेळा तळपट्टीवरचा एखादा भाग नीट दबलेला नसतो. आणि फायरवॉलच्या माथ्यावरचा रंग खरवडलाय का. चाकं यानंतर, आतली रांग आधी रंगवूनच: सुरुवातीच्या रबरी टायरांच्या प्रकारात दर बाजूला २४, नंतरच्या पोलादी कडांच्या प्रकारात १६. ट्रॅकच्या कड्या दर बाजूला ९६ असतात. एक कमी-जास्त बसत असेल तर कडी काढण्याआधी पुढचं दातेरी चाक आणि मागचं बिनदातेरी चाक म्हणजे आयडलर सरळ आहेत का ते बघा, कारण चूक बहुधा तिथे असते.