'अकिरा' हे जपानी नाव मुलाचं की मुलीचं? या नावाचे कोण कोण प्रसिद्ध आहेत?

बहुतेक वेळा मुलाचंच, क्वचित मुलीचंही असतं. आपल्याकडे आकारान्त नाव म्हटलं की मुलगीच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे गोंधळ होणारच.

नुसतं ऐकून हे नाव लिहिता येत नाही, कारण त्यासाठी बऱ्याच चित्राक्षरांतून निवड करता येते. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा (१९१०–१९९८) आणि 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेवाले अकिरा तोरियामा यांचं अक्षर एकच: डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र.

माझ्या लेखी सगळ्यात कामाचे अकिरा म्हणजे योशिनो. त्यांचं अक्षर वेगळं. लिथियमच्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू वापरला की ती पेट घ्यायची भीती असे. आसाही कासेई कंपनीत काम करताना त्यांनी १९८५ मध्ये त्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार, वापरून बॅटरी चालवून दाखवली. आज मोबाईलमध्ये असते ती त्याच घराण्यातली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळालं. गंमत म्हणजे २०१० मध्येही याच विषयाच्या नोबेलमध्ये एक अकिरा होतेच, होक्काइदो विद्यापीठाचे सुझुकी.