बटाट्यानं ड्रॅगनला हरवलं त्याची गोष्ट

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेलो की कॉलेजात असताना मी एक गेम खेळायचो ज्यात राक्षसाचं चित्र आपणच काढायचं आणि तो आपणच लढवायचा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात ढकललेत, मोबाईल गरम होतो म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा.

मी सातवीत असताना शेजारच्या दादाकडे पीएस टूवर (सोनीचं प्लेस्टेशन 2, टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) असाच गेम बघितला होता. हवेत ब्रशनं चित्र काढायचं, मग ते चित्र फुगायचं आणि टुणटुण चालायला लागायचं. मित्र म्हणतात तू स्वप्नात बघितलं असशील. खरंच होता का असा गेम? – एक वाचक, नाशिक

होता हो, मित्रांना सांगा. तुम्ही बघितला तो बहुतेक 'मॅजिक पेन्गेल'. जपानमध्ये 2002 च्या शेवटाला आला, तिथलं नाव 'राकुगाकी ओकोकू', राकुगाकी म्हणजे गिरगोटे आणि ओकोकू म्हणजे राज्य, थोडक्यात गिरगोट्यांचं राज्य. तैतो कंपनीचा गेम, माणसांची पात्रं दिसायला जरा ओळखीची वाटतात कारण त्यात जपानी कार्टून सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओ घिबलीचा हात होता. 2003 मध्ये अमेरिकेत इंग्रजीत निघाला. 2004 मध्ये त्याचा दुसरा भाग आला, बाहेर त्याला 'ग्राफिटी किंगडम' म्हणतात, पण त्यात लढाई पळापळीची आहे, पहिल्यासारखी थांबून विचार करून चाल खेळायची नाही. मला पहिलाच आवडतो.

आता खरी गंमत सांगतो. मामेभावाकडे डोंबिवलीला चिप बसवलेला, म्हणजे कॉपी केलेल्या आणि परदेशी डिस्कही चालतील असा पीएस टू होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यावर पडीक असायचो. मी पहिल्या दिवशी दीड तास खपून ड्रॅगन काढला, बारीक मान, पंख, एकेक नख वेगळं, दात तर असे की डेंटिस्टनं फोटो काढून भिंतीवर लावावा. कंट्रोलरच्या त्या अंगठ्याच्या दांडीनं रेघ ओढायची म्हणजे डाव्या हातानं रांगोळी काढण्यासारखं, तरी काढला. मामेभावानं पाच मिनिटांत एक तपकिरी गोळा काढला, त्याला चार पाय, वर डोक्यावर आणखी दोन पाय का तर म्हणे रंग उरला होता. कोंब फुटलेला बटाटा दिसत होता अक्षरशः. आणि त्या बटाट्यानं माझ्या ड्रॅगनला लोळवलं, एकदा नाही, सलग तीनदा!

कारण असं की गेमला चित्र सुंदर आहे का ते कळतच नाही. तुम्ही रेघ किती लांब ओढली, कुठला रंग किती वापरला आणि ती रेघ धड आहे का हात का पाय का पंख, एवढंच तो मोजतो आणि त्यावरून ताकद आणि डावपेच ठरवतो. सुरुवातीला रंग मोजूनमापून मिळतो, ब्रश तरबेज झाला की वाढतो. मी सगळी पुंजी नखांवर आणि दातांवर उधळली, धडाला काही उरलंच नाही, तर मामेभावानं सगळा पैसा जमिनीत घातला, म्हणजे धडात. लढाई दगड-कागद-कात्रीच्या चालीवर चालते, हल्ला, जादू, बचाव, त्यामुळे डोकं चालवून थोडं सावरता येतं, पण मुळात अंगात दम नसेल तर डोकं चालवून तरी किती सावरणार.

मग काय, आठवडाभरात आम्ही दोघंही बटाटेच काढायला लागलो. हा त्या गेमचा दोष आहे असं लोक म्हणतात, जिंकायचं तर कुरूप काढा. मला तसं वाटत नाही. ड्रॅगनवर जीव होता म्हणून मी त्याच्या मानेची एक रेघ कमी करून पाठीला दिली, पुन्हा हरलो, मग एक पंख काढून टाकला, अशी रोज काटछाट. शेवटी एकपंखी, आखूड मानेचा, पोट सुटलेला ड्रॅगन झाला आणि त्यानं बटाट्याला हरवलं तेव्हा मी जेवायला सुद्धा उठलो नव्हतो. छान दिसणं आणि जिंकणं यातली ही ओढाताण हाच तर खेळ आहे. निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या मशिनवर 2007 मध्ये 'ड्रॉन टू लाइफ' आला, त्यातही हिरो आपण काढायचा, स्क्रीनवर टेकवायच्या पेनानं, स्टायलसनं, छान काढता येतो, पण काहीही काढा, काडीपैलवान काढा, तो उड्या तेवढ्याच मारतो. चित्र म्हणजे नुसता कपडा. तो गेम वाईट नाही पण मी चार दिवसांत ठेवून दिला.

मी सध्या ओसाकाला असतो, इथे जुन्या गेमच्या दुकानात राकुगाकी ओकोकूची डिस्क दिसली. पुण्यात घरी पीएस टू आहे, आणू का? – एक वाचक

शोभेला आणायची असेल तर आणा. पीएस टूला रिजन लॉक असतो, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या मशिनवर लागत नाही, त्यामुळे चिप बसवलेली नसेल तर जपानी डिस्क आपल्याकडच्या मशिनवर चालणार नाही, आणि चालली तरी सगळं जपानीत. पण तुम्ही तिथेच आहात तर जुना जपानी पीएस टूच बघा ना. सोबत 8 एमबीचं मेमरी कार्ड घ्यायला विसरू नका, काढलेले सगळे प्राणी त्यात राहतात. कोणाला कार्ड उसनं देऊ नका. आमचा एकपंखी ड्रॅगन असाच गेला, एका मित्रानं क्रिकेटचा गेम सेव्ह करायला जागा केली.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून असा गेम करायचा विचार आहे. सपाट चित्र जाड कसं करतात? आणि चित्र काय आहे ते एआयनं ओळखून त्यावरून ताकद दिली तर कसं? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

जाड करण्याची युक्ती फार देखणी आहे. टोकियो विद्यापीठातले ताकेओ इगाराशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'टेडी' नावाचा प्रोग्रॅम दाखवला होता, नाव शोधून मूळ पेपर वाचच, चित्रं भरपूर आहेत, घाबरायचं कारण नाही. सोप्यात सांगायचं तर बंद आकार काढला की आत त्रिकोण त्रिकोण पाडायचे, त्यावरून आकाराच्या मधोमध जाणारा कणा शोधायचा, आणि तो कणा वर उचलायचा, किती तर काठापासून जितका लांब तितका. म्हणजे रुंद भाग गुबगुबीत होतो आणि अरुंद भाग बारीकच राहतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच. तेलात पुरी सोडल्यावर मध्ये टम्म फुगते आणि कडेला चपटी राहते ना, तस्सं. फक्त एक लक्षात ठेव, रेघ स्वतःलाच छेदून गेली की गणित बिघडतं, त्यामुळे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं कोणी काढलं तर काय करायचं ते आधी ठरव, परीक्षक मुद्दाम तेच काढून बघतात.

ओळखण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत, नको. गूगलचा 2016 चा 'क्विक, ड्रॉ!' खेळून बघ, तू मांजर काढतेस आणि मशीन ओळखतं, मजा येते, त्याचा 5 कोटी चित्रांचा साठा 345 प्रकारांत फुकट मिळतो, प्रोजेक्टला मोह होणारच. पण गेममध्ये ते घातलं की काय होईल, वाघ म्हटलं की ताकद जास्त, मग प्रत्येक जण मशीनला पटेल असाच वाघ काढणार, दोन कान, पट्टे, मिश्या. सगळ्यांचा वाघ सारखा. आणि ज्यानं सहा पायांचा बटाटा काढला त्याला मशीन म्हणणार, माहीत नाही. अगं तोच तर हवाय आपल्याला! म्हणून ओळखू नको, मोज. रेघेची लांबी, आकाराचं क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य पायांच्या मध्ये पडतो का, एवढ्यावर सुद्धा भन्नाट गेम होईल. गुरुत्वमध्याचं तर नक्की कर, मोठ्या डोक्याचा राक्षस पहिल्याच पावलाला तोंडावर आपटला की अख्खा वर्ग हसेल.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर राक्षस काढतो, खाली पॉवर 500, पॉवर 9000 असं लिहितो आणि मधल्या सुट्टीत मित्रांशी लढवतो. बाईंची डायरीत दोनदा तक्रार आली. बंद करू का? – एक आई, सांगली

ताई, बंद नका करू, वही वेगळी द्या. पोकेमॉन ज्यांनी 1996 मध्ये आणला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडत हिंडायचे आणि त्यातूनच पुढे तो गेम सुचला, तुमच्याकडे तर नुसते कागदी किडे आहेत.

पण पॉवर 9000 मध्ये एक गोची आहे जी तुमच्या मुलाला एव्हाना कळली असेल, समोरचा 9001 लिहितो. त्यावरून भांडण होतं आणि मग बाईंपर्यंत जातं. त्याला गणिताची चौकटीची वही द्या आणि सांगा की आकडा लिहायचा नाही, आकडा चित्रातच असला पाहिजे. प्रत्येकाला रंगवायला 40 चौकटी. धडाची एक चौकट म्हणजे एक जीव, पायाच्या चौकटी जास्त त्याची पहिली चाल, दात-शिंगं-नखं यांच्या चौकटी म्हणजे मार. अर्धी चौकट अर्धीच धरायची. मग दोघांनी मुठीमागे दगड-कागद-कात्री करायचं, जिंकेल त्यानं मारायचं आणि समोरच्यानं तेवढ्या चौकटी पेन्सिलनं खोडायच्या. मी हे भाचीबरोबर खेळतो, तिनं परवा 38 चौकटींचं धड आणि दोन चौकटींचा एकच दात असा प्राणी आणला, नाव ठेवलंय आजोबा. अजून हरलेला नाही.

वही 100 पानीच घ्या, 200 पानी घेतली तर ती सुद्धा महिन्यात भरेल. आणि मुलाला म्हणावं, स्केच पेन नको, मागच्या पानावर उमटतं.