नोंदवहीतला चौथा रकाना

‘मनःस्थितीची रोज नोंद ठेवायला लागल्यापासून माझी चिंता उलट वाढलीच आहे, तर हे लिहिणे बंद करू का?’ हा प्रश्न नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशन कक्षात निरनिराळ्या वयाच्या माणसांनी इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. एका बाईंच्या अनुभवातून ते सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आपण शुभदाताई म्हणू.

शुभदाताई शाळेत शिकवतात. मुलगा हिंगणा रोडवरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुचाकीने जातो आणि तो घरातून निघाला की यांच्या छातीत धडधड सुरू होते. वर्गात लक्ष लागत नसे, रात्री झोप मोडत असे. डॉक्टरांनी थायरॉईडच्या आणि हृदयाच्या तपासण्या आधीच केल्या होत्या. त्यांत काही निघाले नव्हते. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मोबाईलवर एक ॲप घेतले होते, ज्यात दर तासाला हसरा किंवा रडका चेहरा निवडायचा असे. महिन्याच्या शेवटी बहुतेक सगळे दिवस लाल दिसू लागले.

“मॅडम, आधी नुसती चिंता होती. आता तिचा हिशेबही डोक्यावर बसला आहे.”

मी नोंदी थांबवायला सांगितले नाही, त्यांची रीत बदलायला सांगितली. ‘आता मला कसे वाटते आहे?’ असे दर तासाला विचारत राहिले की मन भीतीच्या खुणा शोधण्याच्या कामालाच लागते आणि शोधणाऱ्याला त्या सापडतातही. म्हणून एक साधी वही घ्यायची आणि दिवसातून दोनदाच लिहायचे, शाळेतून आल्यावर आणि रात्रीच्या जेवणानंतर. पानावर चार रकाने आखायचे: काय घडले, तेव्हा मनात कोणते वाक्य आले, भीती 0 ते 10 मध्ये किती होती, आणि त्यानंतर मी काय केले. पानाच्या तळाशी झोप, चहा आणि चालणे यांची एक ओळ. चहाचा उलगडा लवकर झाला. कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा बराच अंमल रात्री अकरालाही उरतो. तो एक कप बंद केल्यावर झोप थोडी सुधारली.

खरे काम चौथ्या रकान्याने केले. काही आठवड्यांनी मी त्यांना म्हटले, “आज आकडे राहू द्या. फक्त चौथा रकाना वाचा, मोठ्याने.”

“फोन केला. पुन्हा फोन केला. उचलला नाही म्हणून त्याच्या मित्राला केला. लोकेशन पाहिलं. फोन केला…” दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्या थांबल्या.

“त्याने फोन उचलला की भीती किती व्हायची?”

“लगेच दोनवर यायची.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

त्यांनी पाने चाळली. “दुसऱ्या दिवशी मी फोन आणखी लवकर केलाय जी. आधी तो पोहोचायच्या वेळेला करत होते. आता तो निघाल्यावर दहा मिनिटांतच.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणे फार महत्त्वाचे असते, कारण माणसाने स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिलेली गोष्ट त्याला जेवढी पटते तेवढी आपण सांगितलेली पटत नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “म्हणजे फोन केल्यानं माझी भीती त्या दिवसापुरती उतरत होती आणि उद्यासाठी वाढत होती?” मग त्यांनी आणखी एक पान माझ्यासमोर धरले. “या बुधवारी दुचाकी दुरुस्तीला होती. तो मेट्रोनं लोकमान्य नगरपर्यंत गेला, तरी मी सात लिहिलंय. आणि दुसऱ्या रकान्यातलं वाक्यही तेच आहे.”

ते वाक्य असे होते: ‘त्याला काही होणार नाही, याची मला खात्री असलीच पाहिजे.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने मी काम करते. मुलगा सुखरूप राहावा ही इच्छा कोणत्याही आईची असणार आणि ती योग्यच आहे. त्रास सुरू होतो तो त्या इच्छेचा ‘पाहिजेच’ होतो तेव्हा, कारण अशी खात्री या जगात कोणालाच मिळत नाही आणि न मिळणारी गोष्ट मागत राहणारे मन दिवसभर पहाऱ्यावर उभे राहते. शुभदाताईंनी नवे वाक्य स्वतः लिहिले: ‘तो सुखरूप पोहोचावा असे मला मनापासून वाटते, खात्री नसली तरी मी माझा तास शिकवू शकते.’ मी तयार वाक्ये कधीच देत नाही, आणि हे वाक्य माझ्याकडून इतके नेमके आलेही नसते.

नुसते वाक्य पुरत नाही, म्हणून त्यांनी फोन आधी वीस मिनिटे पुढे ढकलला. ढकलण्यापूर्वी भीती आठ होती आणि वीस मिनिटांनी, फोन न करता, ती चारवर आली होती. आपण काहीही न करता भीती उतरते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. हळूहळू हे अंतर वाढले. आज महाविद्यालयाच्या वेळेत त्या फोन करत नाहीत आणि वहीही रोज लिहीत नाहीत.

तेव्हा ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांनी आधी आपण काय लिहितो ते पाहावे. नुसते ‘कसे वाटले’ एवढेच लिहीत असाल, तर पुढे ‘मग काय केले’ हेही लिहा. कोणाला विचारून खात्री करून घेतली, काय टाळले, काय पुन्हा पुन्हा तपासले, हे तिथेच सापडेल. आठवड्यातून एकदाच वही वाचा, रोज मागची पाने उलटू नका. दिवस चुकला तर मागाहून भरू नका. दोनच वेळा लिहूनही पान भरताना अस्वस्थता वाढत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि एखाद्या तज्ज्ञाबरोबर बसूनच ती उघडा. झोप, काम किंवा जेवण अनेक आठवडे बिघडलेले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नका. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत मागा. टेली मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते.

घरच्यांनाही एक विनंती आहे. शुभदाताईंचे यजमान प्रेमापोटी रोज संध्याकाळी “आज किती?” असे विचारू लागले होते आणि त्यामुळे त्या आकडा कमी करून लिहू लागल्या होत्या. वही ज्याची त्याची असते. ती दाखवायची की नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठरवू द्यावे.