राज्यसेवेची पूर्व परीक्षा जवळ आली की मी टेस्ट सोडवणं टाळतो. हा आळस आहे का?

तुम्ही लिहिलंय की हा तिसरा अटेम्प्ट आहे, अभ्यासिकेत रोज दहा तास बसता, पण टेस्ट सिरीजची पाकिटं अजून फोडलेली नाहीत. दहा तास बसणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. तुम्हाला भीती वाटतेय, आणि ती नेमक्या त्या पाकिटाची आहे.

मीही याच परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत तीन वर्षं काढली. दुसऱ्या वेळी पूर्व दीड गुणाने हुकली आणि मी थेट यूपीएससीची पुस्तकं घेऊन आलो. घरच्यांना ती जिद्द वाटली, मलाही. खरं काय होतं ते पुढे मानसशास्त्र वाचताना कळलं.

जॉन ॲटकिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं की यशाची ओढ आणि अपयशाची भीती या दोन वेगळ्या प्रेरणा आहेत आणि एकाच माणसात दोन्ही असतात. काम जितकं अवघड, तितकं त्यातल्या यशाचं मोल जास्त. एकातून शक्यता वजा केली की मोल मिळतं, आणि दोन्हींचा गुणाकार सांगतो की ते काम किती खेचतं. यशाची शक्यता ०.९ असेल तर मोल ०.१, गुणाकार ०.०९. शक्यता ०.१ असली तरी गुणाकार तोच. ०.५ ला मात्र तो ०.२५ होतो. म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता असते तिथे ओढही सर्वांत जास्त आणि भीतीही. ज्याची ओढ मोठी तो तिकडे जातो, ज्याची भीती मोठी तो तिथूनच निसटतो. पुढे खुंटीवर कड्या फेकण्याचा प्रयोग झाला, किती अंतरावरून फेकायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. ओढ जास्त आणि परीक्षेची धास्ती कमी असलेल्यांनी मधलं अंतर सर्वांत जास्त निवडलं. उलट स्वभावाच्यांचा तिकडे तेवढा कल नव्हता.

फार लांबून कडी हुकली तर कुणी नावं ठेवत नाही. माझी यूपीएससी तशीच लांबची कडी होती. राज्यघटनेचं पुस्तक चौथ्यांदा वाचणं ही अगदी जवळची. टेस्ट मधल्या अंतरावर असते, कारण आपण कट-ऑफच्या अलीकडे आहोत की पलीकडे, ते तीच सांगते. म्हणून तर ती नकोशी होते.

मला उपयोग झाला तो हुकण्याची किंमत कमी केल्याचा. शंभर प्रश्नांचा पेपर एकदम घेतला नाही. एका विषयाचे २५ प्रश्न, घड्याळ लावून, खोलीत एकट्याने. पहिल्यांदा ११ बरोबर आले. चुकलेले १४ त्याच रात्री वहीत उतरवले आणि गुण कुणालाही सांगितले नाहीत. दोन आठवड्यांनी पूर्ण पेपरला बसलो, तेव्हा हात थरथरले नाहीत.

तुम्हीही आज एकच पाकीट फोडा, आणि गुण अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकू नका.