दीड वर्षाच्या मुलीच्या दातांवर पांढरे डाग आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, दुधाचे दात आहेत, थांबा. त्यांच्या चिठ्ठीशिवाय डेंटिस्टकडे नेलं तर चालेल का?

चालेल. चिठ्ठी लागत नाही. पण ती तुम्हाला न मागता मिळायला हवी होती, म्हणून लिहायला बसले.

माझा भाचा ऐरोलीचा. दादा-वहिनी दोघंही नोकरीला, त्यामुळे लहानपणी तो दिवसभर ठाण्यात माझ्याकडे असायचा. पंधराव्या महिन्याची लस जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. तोंड पुसताना त्याचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला, तर पुढच्या चारही दातांवर हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. दूध सुकलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसली, हलली नाही. खालचे दात मात्र लख्ख. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचं असंच होतं. दूध वरच्या दातांवर साचून राहतं, खालच्या दातांवर जीभ येते. आणि याच्या बाटलीत साखरही असायची.

लसीला वहिनीबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी वजन केलं, डोक्याचा घेर मोजला, टॉर्च मारून घसा पाहिला. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा दात बघता का?" म्हणाले, "दुधाचे आहेत, पडणारच आहेत. तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू." रात्री दादाला सांगितलं, आपण डेंटिस्टकडे नेऊन आणू. तो म्हणाला, "डॉक्टर तू आहेस की ते?"

पुढे रेघ तपकिरी झाली, दातांचे तुकडे पडायला लागले, मग दाढा किडल्या. ऐन गणपतीत पोराचा गाल सुजला, ताप चढला, रात्रभर रडला. शेवटी पूर्ण भूल देऊन पुढचे दात काढले, दाढांची नस काढून वर स्टीलच्या टोप्या बसवल्या. पांढऱ्या रेघेच्या पायरीवर फ्लोराइडचा लेप लावला आणि रात्रीची बाटली बंद केली, तर कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

"पडणारच आहेत" हे कुठल्याच डॉक्टरने बोलू नये. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. मूल त्यांनीच चावतं आणि पक्क्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात. पहिल्या वाढदिवसापर्यंत दात एकदा दाखवावेत, असं बालदंतवैद्यांच्या संघटना सांगतात. पण त्या वयात मूल डेंटिस्टच्या दारात जातं कुठे? ते जातं लसीला, पुन्हा पुन्हा, त्याच बालरोगतज्ज्ञाकडे. मग ओठ उचलून बघणं आणि पुढे पाठवणं त्यांच्याशिवाय कोण करणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडीत मुलांना तपासायला येणाऱ्या या सरकारी कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणीत दातांची कीड आहे. फी घेणाऱ्या दवाखान्याच्या फायलीत दातांसाठी एक ओळ नसावी?

दादा अजून म्हणतो, "डॉक्टरच बोलले नाहीत, तर आम्हाला कसं कळणार?" मी सांगत होते की! घरातली बाई रोज त्या मुलाचं तोंड धुते, तिच्या डोळ्यांना काही किंमत आहे की नाही? तुमच्या घरीही कुणी असंच म्हणत असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. मुलीला उचला आणि न्या.

सगळे डॉक्टर असे नसतात, हेही सांगते. धाकट्या भाचीचे डॉक्टर पहिल्या दातापासून ओठ उचलून बघतात आणि स्वतःहून डेंटिस्टचं नाव लिहून देतात.

शक्यतो लहान मुलांचाच डेंटिस्ट बघा. खर्चाची अडचण असेल तर नेरूळ, बेलापूरच्या डेंटल कॉलेजांत मुलांचा वेगळा विभाग असतो. तोवर रात्रीची बाटली बंद करा आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून तुम्ही स्वतः ब्रश करा. डाग काळे असते आणि लोहाचे थेंब चालू असते, तर इतकी घाई केली नसती, ते वरवरचे असू शकतात. तुम्ही पांढरे लिहिलंय, म्हणून याच आठवड्यात जा.