टँडमची डावी चेन

प्रश्न : आम्ही नवरा-बायकोने जुनी टँडम सायकल घेतली आहे. यांना दिसत नाही, म्हणून मी पुढे आणि हे मागे. दोघांची पेडलं जोडणारी डावीकडची चेन खड्ड्यात आदळलं की उतरते. सायकलवाल्याने मागचं चाक ओढून पाहिलं, फरक शून्य. आता तो कडी काढू म्हणतो. काढू द्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नका काढू देऊ, ताई. कड्या जोडीनेच निघतात, म्हणजे अख्खा एक इंच गेला. मग चेन चढायचीच नाही. आणि मागचं चाक ओढून काय होणार? ही चेन चाकापर्यंत जातच नाही.

तिचा ताण पुढच्या बीबीत (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा ॲक्सल जिथे बसतो ती जागा) असतो. तुमच्या पायाखालचं ते नळकांडं नेहमीपेक्षा जाड असेल. आत ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा असतो आणि ॲक्सलचं भोक त्याच्या मधोमध नसून कडेला असतं. जात्याचा खुंटा आठवा, तसंच. ठोकळा फिरवला की ॲक्सल पुढे-मागे सरकतो. याला एक्सेंट्रिक बीबी म्हणतात.

त्याआधी चेन मोजा. एका पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत नवी चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.५ च्या पुढे गेली असेल तर पिना झिजल्या आहेत, आधी चेन बदला.

चेन ठीक असेल तर नळकांड्याखालचे एलन स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. (काही सायकलींत स्क्रूऐवजी नळकांडं चिरलेलं असतं आणि बोल्टने आवळतात.) ठोकळ्याच्या दोन भोकांत पिनांचा पाना घालून तो थोडा थोडा फिरवा. चेनच्या मध्यावर बोट ठेवून वर-खाली केलं तर सगळा मिळून अर्धा इंच झोल हवा.

पण हा झोल कुठे मोजायचा, तिथेच बहुतेक जण चुकतात. दात्यांची चकती कधीच शंभर टक्के गोल नसते. क्रँक (पेडलचा दांडा) सावकाश फिरवला की चेन एका जागी ताठ होते, दुसरीकडे सैल पडते. मोजायचं ते सर्वांत ताठ जागी. सैल जागी मोजून आवळलंत तर ताठ जागी चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी होईल आणि बेअरिंग खाईल. ही जागा शोधायचं काम यांना द्या. तुम्ही क्रँक फिरवा, यांनी चेनवर बोट ठेवावं. मी स्वतः डोळे मिटूनच शोधतो, बघत बसलं की हमखास फसतो.

जुन्या सायकलीत आणखी एक त्रास. स्क्रूच्या टोकाने ठोकळ्यावर खळगे पडलेले असतात. नवी जागा खळग्याशेजारी आली की आवळताना स्क्रू घसरून त्यातच जाऊन बसतो. माझा एक पूर्ण रविवार यात गेला, चार वेळा लावलं, चार वेळा सुटलं. शेवटी ठोकळा उलट्या दिशेने फिरवला. ॲक्सल तेवढाच पुढे येतो, फक्त वर असेल तर खाली जातो. तसा खाली गेला तर तुमची सीट तेवढीच उतरवा, नाहीतर गुडघा कुरकुरेल.

ठोकळ्याला ग्रीस लावायला विसरू नका. डावी चेन परत चढवताना दोघांचे क्रँक एका रेषेत आहेत ना, तेही बघा. एका दात्याचा फरक पडला तरी यांच्या पायाला लगेच कळेल. आणि स्क्रू आवळल्यावर झोल पुन्हा मोजा, कारण आवळताना ठोकळा जरासा सरकतोच.